परदेशी सेवेला निघताय? या चुका टाळा

गेल्या महिन्यात आमच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, एक तरुण घरी आला. पूर्व आफ्रिकेत ख्रिस्ती सेवेला निघालाय. वहीत प्रश्न लिहून आणले होते: लस कोणती, पैसे किती, तिथल्या प्लगला किती पिना. शेवटचा प्रश्न वहीत नव्हता. चप्पल घालता घालता विचारला, "भाऊ, तिकडं गेल्यावर प्रार्थना सुटते म्हणतात. खरं काय?"

खरं आहे. माझी सुटली होती. केनियात, किसुमूला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी मी दोन वर्षं होतो. पहिले पाच महिने कोरडे गेले. दोष त्या देशाचा नव्हता. नागपुरात जी भक्ती मला माझी वाटायची, तिच्यातली निम्मी मंडळीची होती. रविवारची घंटा, बुधवारची घरसभा, पहाटे स्वयंपाकघरात आईचं पुटपुटत शास्त्र वाचणं, पाळकसाहेबांचा "परवा दिसला नाहीस" हा टोला. एवढे टेकू लावून मी उभा होतो आणि पायात जोर आहे असं धरून चाललो होतो.

विमानात बसण्याआधीच प्रार्थना थांबते

हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण त्याच काळात आपण सगळ्यात जास्त प्रार्थना करताना दिसतो. निघण्याआधीच्या दोन महिन्यांत माझे सात निरोप समारंभ झाले. सदरला, मोहननगरला, एक तर थेट कामठीला. प्रत्येक ठिकाणी शाल, साक्ष, समोर माइक आणि शेवटी डोळे मिटून लांबलचक प्रार्थना. एकट्याने, दार लावून? त्या दोन महिन्यांत एकदाही आठवत नाही. उरलेला वेळ कागदपत्रांनी खाल्ला. पिवळ्या तापाच्या लशीचंच घ्या. केनियातून भारतात परतताना तिचा दाखला लागतो आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनीच तो ग्राह्य धरतात. ही कामं लवकर उरका, म्हणजे शेवटचे दिवस मोकळे राहतील.

बायबलमध्ये अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल (पुढचा पौल) यांना सेवेला पाठवताना उपास केला, प्रार्थना केली, मग हात ठेवले. आपल्याकडे उपासाच्या जागी बिर्याणी येते. बिर्याणीशी माझं भांडण नाही, सातही ठिकाणी खाल्ली. पण समारंभ दोनच घ्या, बाकीच्यांना हात जोडा. आणि निघण्याच्या दोन महिने आधीपासून टेकू काढून बघा. आठवड्यातून तीन दिवस घरातलं कुणी उठण्याआधी, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून बसायचं. कंटाळा येईल, झोप येईल. ती इथेच येऊ दे. तिकडे आली की माणूस घाबरतो आणि आपलं पाचारणच, देवाचं बोलावणंच, खोटं होतं की काय म्हणू लागतो.

नागपूरची उपासना मोबाईलवर

ही चूक मी सगळ्यात प्रेमाने केली. केनियाचं घड्याळ आपल्यामागे अडीच तास. आमची उपासना नऊला सुरू होते, म्हणजे तिकडचे साडेसहा. मी थर्मासला टेकवून मोबाईल उभा करायचो, गीतांचं पुस्तक उघडायचो आणि खोलीत एकटाच बसून गायचो. कॅमेरा हलला की तिसऱ्या बाकावर आईचा पदर दिसायचा. डोळ्यांत पाणी यायचं, आणि त्या पाण्याला मी भक्ती समजायचो.

मग दहाला तिथल्या मंडळीत जायचो ते पोट भरून. तीन तासांची उपासना, अर्धी लुओ भाषेत, अर्धी स्वाहिलीत, पत्र्याखाली ढोल. मी मागच्या बाकावर मनातल्या मनात गुण देत बसायचो: वाचन लांबलं, गाणी फार झाली, आमच्याकडे असं नसतं. एका रविवारी नेट बंद पडलं म्हणून रिकाम्या पोटी गेलो. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने हात धरून "ब्वाना असिफिवे" म्हटलं, म्हणजे प्रभूची स्तुती असो. पाच महिन्यांत पहिल्यांदा माझ्या तोंडून "आमेन" मनापासून निघालं.

"आमच्याकडे असं नसतं" हे नागपूरकराने तर म्हणूच नये. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या आपल्याच शहरात एकत्र आल्या आणि उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली. त्यांत बाळांचा बाप्तिस्मा करणारे होते आणि मोठ्यांचाच करणारेही होते. प्रत्येकाला आपली काही सवय दाराबाहेर ठेवावी लागली असणार.

तेव्हा उपाय सोपा आहे, पण जिवावर येतो: पहिले सहा महिने नागपूरची उपासना बघायची नाही. आईला फोन करायचा तो संध्याकाळी, आणि आई म्हणूनच.

अहवालाची खाज

डोळे मिटून प्रार्थना चाललीय आणि मनात ग्रुपवर टाकायचं वाक्य तयार होतंय, असं झालं की समजा ही खाज लागली. आजाऱ्याच्या उशाशी बसलोय आणि फोटो कोण काढेल याचा हिशेब डोक्यात. वर्गणी देणाऱ्यांना खबर द्यायलाच हवी, त्यांचा हक्कच आहे. महिन्यातून एक पत्र, ठरलेल्या तारखेला, आणि त्यात एखादी फसलेली गोष्टही लिहा. पण पत्रात कधीच जाणार नाही असं एखादं काम दर आठवड्याला करा. मी सोमवारी एका शाळेच्या टाक्या घासायचो. त्याचा एकही फोटो नाही.

प्रत्येक गोष्ट सैतानावर ढकलणं

तिसऱ्या महिन्यात मला भयानक स्वप्नं पडू लागली. मन बुडाल्यासारखं झालं. मी तीन दिवस उपास धरला, अवस्था आणखी वाईट झाली. शेवटी तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "हिवतापासाठी कुठली गोळी घेता?" मेफ्लोक्विन. या गोळीने काहींना वाईट स्वप्नं पडतात, मन खचतं, हे वैद्यकात जुनं माहीत असलेलं आहे. त्यांनी गोळी बदलली, काही आठवड्यांत रात्री शांत झाल्या. तुम्ही आपल्या मनाने गोळी सोडू नका, सरोवराच्या काठी हिवताप खरोखर माणसं मारतो. डॉक्टरांना सांगा, एवढंच. बायबलमधला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं आणि दोनदा झोपू दिलं. क्रम लक्षात ठेवा: आधी झोप, जेवण, गोळ्या तपासायच्या, मग आत्म्याची चौकशी.

भाषेचा तास म्हणजे सेवेत अडथळा?

नाही. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले ते मराठी शिकले, आणि गोंडांची गाणी-कथाही त्यांनी टिपून ठेवल्या. शिवाय माणसाला दगडांचा, जीवाश्मांचा नाद. अशा नादाला आपल्याकडे "सेवा सोडून काय हे" म्हणतील, पण एवढ्या परक्या मुलखात अठरा वर्षं टिकायला सेवेबाहेरचं काहीतरी हाताशी लागत असावं. स्वाहिली तर आपल्याला परकीही वाटत नाही: दुकानाला डुका, गाडीला गारी, पैशाला पेसा, बरकतीला बाराका. मात्र एकांतातली प्रार्थना मराठीतच राहू द्या. पापाची कबुली शिकाऊ भाषेत दिली की फार सोपी होते.

सगळं ठीक आहे म्हणत राहणं

एक माणूस असा ठेवा ज्याच्यापुढे जिंकलेलं दिसावं लागत नाही. तो पाठवणाऱ्या समितीतला नको, कारण ज्याच्या हातात तुमची वर्गणी आहे त्याला तुम्ही खरं सांगणार नाही. माझा माणूस म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका. पंधरा दिवसांनी फोन करायचे, एकच प्रश्न: "जेवला का बाप्पा? बरं, आता खरं सांग." पौल आणि बर्णबा यांच्यासोबत सेवेला निघालेला योहान मार्क पंफुल्यातल्या पिर्गाहून माघारी फिरला, त्यावरून ते दोघं भांडले, वेगळे झाले. पुढे पौलानेच लिहिलं की मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे. काकांनी हे मला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मी परतीच्या तिकिटाचे दर बघून ठेवले होते.

परत आल्यावर

घरी आलो, घंटा वाजली, आईचं वाचन कानावर पडलं, आणि सहा आठवड्यांत माझा पहाटेचा एकांत गेला. न कळत. आता तो तरुण जाईपर्यंत आम्ही दोघं मंगळवार, गुरुवार, शनिवार पाचला उठतो, आपापल्या घरी. उठल्याचा मेसेज करायचा नाही असं ठरलंय. गेल्या गुरुवारी मी उठलो नाही. त्याचं मी विचारलेलं नाही.