दोघांपुरतं पुरुमेंत कसं भरावं

मे महिना अर्धा झाला की माझा हात आपोआप मोठ्या डब्यांकडे जातो. आमच्या घरात एके काळी नऊ माणसं जेवायची, सासूबाई पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायच्या तेव्हा मिरची सहा किलो, चिंच पाच किलो, सुकी सुंगटां (कोळंबी) पोत्याने यायची आणि ते सगळं सप्टेंबरपर्यंत संपायचंसुद्धा. आता घरात आम्ही दोघं, मी 61 आणि हे 67, मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला. तरी परवा-परवापर्यंत मी नऊ जणांचंच माप घेत होते. गेल्याच्या गेल्या वर्षी ऑक्टोबरात डबे उघडले तर दोन किलो मिरचीला जाळी धरलेली, चिंच काळी पडलेली, आणि ती सगळी माडाच्या आळ्यात टाकताना मला खरंच रडू आलं, कारण पैसे तर गेलेच पण चार दिवस उन्हात उभं राहून वाळवलेली मेहनत होती ती. तेव्हापासून मी पद्धत बदलली, तीच इथे लिहिते. आमच्या गोव्यात फोंड्याकडे, डिचोलीकडे माझ्या वयाच्या कितीतरी बायका हेच सोसतायत, त्यांना उपयोग होईल.

आधी एक सांगते, पुरुमेंत सोडून देऊ नका. पोर्तुगीज प्रोविमेंतो, म्हणजे बेगमी, त्यावरून हा शब्द आला, आणि पूर्वी गरज म्हणून करायचे कारण पावसात होड्या बंद, रस्ते बंद. आता दुकान जुलैतही उघडं असतं हे खरं, पण 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, ताजी मासळी महाग होते, आणि धो धो पावसात गुडघे धरून बाजारात जायचं कोणी? थोडं घरात असलेलं बरंच. फक्त माप आपल्या आजच्या घराचं पाहिजे.

तर पहिलं काम बाजारात जायचं नाही, कागद घेऊन बसायचं. एप्रिलमधेच आठवडाभर रोज काय किती लागतं ते लिहा, अंदाजाने नको, खरंच वजन करून. मी केलं तेव्हा कळलं की आमच्या हुमणाला (मासळीच्या कालवणाला) दिवसाला 8 ग्रॅमच्या आसपास मिरची लागते. जून ते सप्टेंबर धरले साधारण 120 दिवस, म्हणजे एक किलो झाली की झालं! सहा किलो कुठे आणि एक किलो कुठे. तसंच सोलां (आमसुलं) अर्धा किलो, चिंच पाऊण किलो, जाडं मीठ दोन किलो, सुकी सुंगटां अर्धा किलो, खारे बांगडे पंधरा. उकडे तांदूळ दोघांना दिवसाला पाव किलो धरले तर 30 किलो होतात, पण ते मी एकदम घेत नाही, दहा-दहा किलो आणते, कारण पोतं उचलणार कोण आणि टोके झाले तर सगळंच जातं. नारळ दिवसाला अर्धा म्हणजे 60, त्यातले 30 असोले (न सोललेले) कोपऱ्यात ठेवायचे, बाकीचे लागतील तसे.

पैशांचं म्हणाल तर जानेवारीपासून दर महिन्याला 1500 रुपये मी वेगळ्या डब्यात टाकते, एप्रिल संपेपर्यंत 6000 होतात आणि आमचं बहुतेक सगळं त्यात बसतं. पेन्शनवर किंवा व्याजावर चालणाऱ्या घराला मे महिन्यात एकदम सहा हजार काढणं जड जातं, आणि त्याच सुमाराला घराची कौलं परतायची असतात, गटार साफ करायचं असतं, तो खर्च वेगळाच. म्हणून डबा वेगळा ठेवाच, त्यातून दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही.

खरेदीला मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सकाळी आठच्या आत जाते, उन्हं चढली की माझ्याने होत नाही. मडगावकडचे लोक मे-जूनच्या सुमाराला पवित्र आत्म्याच्या चर्चजवळ पुरुमेंताचं फेस्त (जत्रा) भरतं तिथे जातात, तिथे सुकी मासळी, कांद्याच्या माळा, मिरच्या सगळं एका जागी मिळतं. मिरची घेताना मुठीत दाबून बघा, कडकड वाजली पाहिजे, वाकली तर ओल आहे. काणकोणच्या खोला गावची मिरची मिळाली तर अर्धा किलो तरी घ्या, डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते, रंग सुंदर आणि जळजळ बेताची, आमच्या वयाच्या पोटाला ती मानवते. तिला 2019 साली जीआय, म्हणजे त्या गावचा माल म्हणून सरकारी मान्यता, मिळालाय त्यामुळे दुसरीच मिरची तिच्या नावाने विकतात, ओळखीच्या बाईकडूनच घ्यायची. मीठ आगरवाड्याचं मिळालं तर तेच, चेपणीला, म्हणजे कैऱ्या मिठात मुरवायला, त्याच्यासारखं नाही. आणि एका फेरीत सगळं आणू नका. मी तीन शुक्रवार करते, दर वेळी दोन छोट्या पिशव्या, दोन्ही हातांत सारखं वजन. 

आता वाळवणं, आणि इथे घाई करून चालत नाही. बाजारातून आणलेली मिरची कोरडी दिसली तरी घरी दोन ऊन दाखवायचंच. हलवली की आतल्या बिया खुळखुळल्या पाहिजेत. पण मी आता अंगणात जमिनीवर पसरत नाही, जुना खाट आहे त्यावर चादर घालून पसरते, म्हणजे वाकावं लागत नाही, मुंग्याही कमी. सकाळी नऊला घालायचं आणि चारला काढायचं, मधल्या वेळेत उन्हात जायचं नाही. संध्याकाळी काढलं की लगेच बरणीत भरू नका! तासभर सावलीत परातीत ठेवा, गरम मिरची बंद केली की आत वाफ धरते आणि पंधरा दिवसांत बुरशी, माझी मिरची मला वाटतं तशीच गेली. बरणी धुऊन एक दिवस उन्हात उलटी ठेवलेली असावी. चिंच चिंचोके काढून जाड्या मिठाचा हात लावून गोळे करून ठेवायची. सुंगटांची डोकी-शेपट्या काढून मंद आचेवर कोरडी भाजून, थंड करून काचेच्या बरणीत, मग किस्मूर (सुक्या सुंगटांची खोबरं घातलेली कोशिंबीर) करायला दोन मिनिटं लागतात. फ्रीजरवर भरवसा नको, पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

बरण्यांबद्दल कळकळीने सांगते. सासूबाईंची चिनीमातीची मोठी बरणी होती, मी ती भरलेली माळ्यावरून उतरवायला गेले आणि कंबरेत असा चमका आला की तीन आठवडे पडून राहिले, ह्यांनी पेज करून दिली मला. त्या वर्षापासून माळा बंद. सगळं एक-एक किलोच्या बरण्यांत, आणि बरण्या कंबर ते खांदा एवढ्याच उंचीच्या फळीवर. मोठी बरणी आता खिडकीत नुसती उभी आहे, मला ती बघायला आवडते.

अजून एक, मिठाचं. पुरुमेंतात सगळंच खारं, सुकी मासळी खारी, मिस्कूट (कैरीचं लोणचं) खारं, चेपणीची तोरां (कैऱ्या) तर मिठातच मुरलेली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे एक छोटा चमचा, आणि ह्यांना बीपी. म्हणून खारा बांगडा मी तासभर साध्या पाण्यात ठेवते, पाणी दोनदा बदलते, आणि त्या दिवशी हुमणात वरून मीठ घालत नाही. लोणच्याची फोड एक, तीही रोज नाही. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर सुकी मासळी किती खायची ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

ह्याच पुरुमेंतात आता आमच्या वयाच्या वस्तूही धरा. रोजच्या गोळ्या महिनाभराच्या जास्तीच्या, तारीख बघून. टॉर्च, सेल, भरलेला जादा सिलिंडर. आणि चिऱ्याच्या पायऱ्या! पहिल्या पावसाच्या आठवड्यात त्यांच्यावर शेवाळ धरतं, ते काढायला माणूस सांगा, ब्लीचिंग पावडर घालून काथ्याच्या ब्रशने घासून घ्या, दर पंधरा दिवसांनी. दोनशे-तीनशे रुपये जातील, पण ह्या वयात हाड मोडलं तर घर बसतं.

जुलैत मधेच उघाड पडली की अर्धा दिवस बरण्यांची झाकणं काढून आतलं पसरून घ्यायचं. फळीच्या दाराच्या आतल्या बाजूला मी कागद चिकटवलाय, ऑक्टोबरला काय किती उरलं ते लिहिते. गेल्या वर्षी चिंच 200 ग्रॅम उरली, सोलां मात्र ऑगस्टलाच संपली, तेव्हा यंदा चिंच अर्धा किलोच्या थोडी वर आणि सोलां पाऊण किलो. मुलं चवथीला (गणेश चतुर्थीला) येतात, त्यांच्यासाठी चेपणीची एक बरणी वेगळी: तोरांचा थर, मिठाचा थर, वर धुतलेला दगड, पाणी अजिबात घालायचं नाही, ते आपोआप सुटतं. झाकणाला फडकं बांधून त्यावर तारीख लिहा आणि चवथीच्या आदल्या दिवसापर्यंत उघडू नका.