करंगळीच्या झिणझिण्या आणि सात अक्षरांचा कोड

फिजिओथेरपीची पदवी हातात आली तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगी आता दवाखाना टाकणार. मी पुण्याला आले आणि मेडिकल कोडिंगला लागले. मावशी अजून विचारते, "अमेरिकेचं काम म्हणजे रात्रपाळीच ना गं?" नाही मावशी, आम्हाला कुणाशी बोलायचंच नसतं. तिकडच्या डॉक्टरांनी लिहिलेले चार्ट वाचायचे, आजाराला एक कोड, उपचाराला दुसरा. त्यावर तिथली विमा कंपनी पैसे देते. आमच्याकडे हे काम दिवसाच चालतं. मोबाईल मात्र लॉकरमध्ये, आणि डेस्कवर कागद-पेनही नाही. पेशंटच्या माहितीबाबत तिकडे १९९६ चा हिपा कायदा आहे, त्यामुळे कंपन्या ताकही फुंकून पितात.

नवीन येणारे विचारतात, किती कोड पाठ करावे लागतात? एकही नाही. मला जे शिकायला वर्ष लागलं ते वेगळंच होतं, आणि ते एका नसेवरून सांगते. अल्नर नर्व्ह. कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत जी वीज जाते ना, ती हीच नस. कोपराच्या आतल्या हाडामागून ती कातडीच्या अगदी खालून जाते आणि पुढे मनगटातून पंजात उतरते. करंगळी आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाची संवेदना तिच्याकडे असते.

ही नस मला आधीपासून ओळखीची होती. विदर्भात शिकताना कुष्ठरोगाच्या ओपीडीत माझी पोस्टिंग असायची. जाड झालेली नस कोपराशी चाचपून बघायची, नखीसारखी वळलेली बोटं सरळ करायचे व्यायाम शिकवायचे. म्हणून पहिल्याच आठवड्यात अल्नरचा चार्ट आला तेव्हा मी खूश. काच लागून उजव्या मनगटाला जखम, करंगळी बधिर. मी बिनधास्त जी५६.२१ टाकला. ऑडिटमध्ये चूक निघाली.

जी५६.२ म्हणजे नसेचा आजार. कोपराशी नस हळूहळू दाबली जाते तो क्युबिटल टनेल सिंड्रोम इथे येतो. लहानपणी कोपराचं हाड मोडलं, ते वाकडं जुळलं आणि कित्येक वर्षांनी हात लुळा पडू लागला, तर तोही इथेच. ताजी इजा इथे चालत नाही, तशी टीपच त्या कोडखाली छापलेली आहे आणि मी ती वाचली नव्हती. ताज्या इजेचे कोड एस या अक्षराने सुरू होतात आणि ते जागेप्रमाणे बदलतात: दंडात एस४४.०, कोपर आणि पुढचा हात एस५४.०, मनगट आणि पंजा एस६४.०. पुढचा अंक बाजूचा, १ उजवा, २ डावा. शून्य म्हणजे बाजू लिहिलेलीच नाही, आणि शून्य टाकलं की आमचा ऑडिटर भुवया उंचावतो. माझ्या त्या चार्टचा खरा कोड होता एस६४.०१एक्सए (एक्स नुसता रिकामी जागा भरायला), आणि सोबत जखमेचा वेगळा. नसेची इजा मुख्य असेल तर तिला पहिला मान. जखम मोठी आणि नसेला किरकोळ धक्का असेल तर क्रम उलटा.

शेवटच्या ए वर जवळजवळ सगळेच घसरतात. कोडच्या पुस्तकात त्याच्यापुढे 'इनिशियल एन्काउंटर' लिहिलंय, म्हणून आपण समजतो पहिली भेट. पण ए म्हणजे मुख्य उपचार अजून चालू आहेत. काच लागल्यावर तीन आठवड्यांनी नस शिवली, तरी त्या दिवशी ए. नंतर फिजिओथेरपीला किंवा जखम बघायला आला की डी. वर्षभराने बोटं नखीसारखी वळली म्हणून आला, तर आधी त्या व्यंगाचा कोड, एम२१.५११, आणि मागे मूळ इजेचा कोड, शेवटी ए ऐवजी एस लावून.

ओपीडीच्या चार्टमध्ये 'अल्नर नर्व्ह इजा, संशयित' असं लिहिलं असेल तर इजेचा कोड लावायचा नाही. बधिरपणा लिहिला आहे ना, तोच कोड करायचा. फिजिओला हे फार जड जातं, कारण आपल्याला निदान दिसत असतं.

ऑपरेशनच्या नोटची तर गंमतच असते. वर ठळक अक्षरात 'अल्नर नर्व्ह रिपेअर, मनगट'. खाली वाचत जा: नस सलग आढळली, सुजलेली, भोवतीचे चिकटलेले पापुद्रे सोडवले. टाका कुठे आहे? नाहीच. म्हणजे उपचाराच्या कोडांपैकी शिवण्याचा ६४८५७ गेला, नस मोकळी करण्याचा ६४७१९ आला. कोपराशी नस नुसती मोकळी केली काय किंवा उचलून पुढे बसवली काय, ६४७१८ एकच. तिथे दोन कोड शोधत बसू नका. सर्जनने भिंगाचा चष्मा लावला म्हणून मायक्रोस्कोपचा ६९९९० लागत नाही, हे मी दोनदा खाल्लेल्या बोलण्यांवरून सांगते.

परीक्षेचं थोडक्यात: सीपीसी, म्हणजे कोडिंगच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेला, १०० प्रश्न, ४ तास, ७० टक्के लागतात, आणि कोडची पुस्तकं समोर उघडी ठेवता येतात. पास झालात तरी अनुभव होईपर्यंत नावापुढे शिकाऊचा, म्हणजे अप्रेंटिसचा, 'ए' राहतो. पुस्तकं चालू वर्षाचीच घ्या. निदानाचे कोड दर १ ऑक्टोबरला बदलतात, सीनियरची जुनी प्रत फुकट मिळाली तरी महागात पडते.

आता एक चार्ट सांगते. शीर्षकात डावं मनगट, मजकुरात तीनदा उजवं. मी म्हटलं, तीन विरुद्ध एक, उजवाच. टीम लीड म्हणाली, "अगं, मतमोजणी आहे का ही? डॉक्टरला क्वेरी टाक." क्वेरी म्हणजे लेखी प्रश्न. मी टाकली: 'बाजू उजवी आहे, कृपया खात्री करावी.' तीही परत आली, कारण क्वेरीत उत्तर सुचवायचं नसतं. मग दोन्ही वाक्यं जशीच्या तशी उतरवली आणि खाली एकच ओळ लिहिली, 'कृपया बाजू स्पष्ट करावी.' चार्ट होल्डवर गेला. पाचव्या दिवशी डॉक्टरची पुरवणी नोंद आली: मजकूर जुन्या टेम्प्लेटमधून उतरला होता, मनगट डावं.