वजीर गेले म्हणून ड्रॉ होत नाही! बर्लिन खेळताना या चुका टाळा

२००० साली लंडनमध्ये कास्पारोव्ह-क्रॅमनिक वर्ल्ड चॅम्पियनशिपचा पहिलाच डाव २५ चालींत ड्रॉ झाला. ओपनिंग बर्लिन, म्हणजे रुय लोपेझमधला काळ्याचा एक बचाव, ज्यात वजीर लवकर एकमेकांना खातात. त्या मॅचमध्ये कास्पारोव्ह पांढऱ्याकडून या बिनवजिरांच्या एंडगेममध्ये चार वेळा शिरला, चारही वेळा ड्रॉ, आणि मॅच गेली ८.५-६.५. तेव्हापासून लोकांना वाटतं बर्लिन म्हणजे आयता अर्धा पॉइंट. घंटा!

सगळ्यात मोठी चूक काळ्याची. आठव्या चालीला वजीर गेले की आपण दिसेल ते एक्स्चेंज करत सुटतो, कारण मोहरी कमी म्हणजे ड्रॉ जवळ असं डोक्यात बसलेलं असतं, पण इथे नेमकं उलटं आहे. काळ्याची सी-फाइलवर दोन प्यादी एकावर एक अडकलेली, पांढऱ्याकडे राजाच्या बाजूला काळ्याच्या तीन प्याद्यांना चार, त्यामुळे सगळी मोहरी संपली की नुसत्या प्याद्यांच्या एंडगेममध्ये पांढरा बहुतेक वेळा जिंकतोच. काळ्याचा जीव त्या दोन उंटांत आहे, ते फुकट देऊ नका. मी असे किती डाव घालवलेत ते विचारू नका.

दुसरं, राजानेच डी८ वर वजीर खाल्ला, म्हणून कॅसलिंग (किल्लेकोट) गेलं, असं म्हणत घाबरणं. त्या पहिल्या डावात क्रॅमनिकचा राजा डी८ वरून सी८, तिथून बी७ ला गेला, एकदम आरामात. पण एच-प्यादं मात्र त्याने एच४ पर्यंत नेलं, म्हणजे समोरच्याने जी४ केलं की आंपासां (दोन घरं पुढे आलेलं प्यादं बाजूच्या प्याद्याने खाणं) आहेच, आणि हत्ती एच५ ला आणून ई५ च्या प्याद्यावर नजर. ही चाल पाठ करू नका, कशासाठी आहे ते बघा.

पांढऱ्यांनो, ई५ चं प्यादं ई६ ला ढकलायची घाई नको, काळ्याच्या उंटांना वाटा तुम्हीच उघडून देता.

आणि या एंडगेमऐवजी चौथ्या चालीला डी३ खेळलात, काळ्याचा घोडा सी६ वरून ई७ ला गेला आणि ई५ चं प्यादं फुकट दिसलं, तर हात आवरा. घोड्याने ते खाल्लंत तर काळा सी६ करतो, बी५ चा उंट हलवला की वजीर ए५ ला शह आणि तुमचा घोडा गेला. तुम्ही घोडा सी४ ला आणलात तर मात्र काळ्याने उंट खायचा नाही हां, डी६ ला घोडा येऊन थेट मात! आधी डी६ करायचं, मोहरं कुठे जात नाही.