ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये पकडले गेलात तर: नाकाबंदीपासून कोर्टापर्यंत

दहा हजार भरले की विषय मिटला, असा समज बऱ्याच जणांचा असतो. सिग्नल तोडल्याचा दंड मोबाइलवरून भरून मोकळं होता येतं, पण दारू पिऊन गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 चा गुन्हा आहे आणि तो तडजोडीने मिटत नाही. कोर्टात जावंच लागतं. शिवाय दंडापेक्षा लायसन्स जाणं जास्त महागात पडतं.

मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. व्हिस्कीचा 60 मिलीचा एक पेगसुद्धा अनेकांना तिच्या पलीकडे नेतो. शरीर तासाला साधारण 15 मिलिग्रॅम उतरवतं. म्हणजे रात्री एक वाजता 120 असेल, तर 30 वर यायला सकाळचे सात वाजतात. झोप, लिंबूपाणी, कॉफी यांनी हा वेग वाढत नाही. सकाळी ऑफिसला निघालेले लोक सापडतात ते यामुळेच.

नाकाबंदीवर फुंकायला नकार देऊ नका. तुम्ही प्यायलेले आहात असा संशय घ्यायला कारण असेल, तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि तो नकार पुढे कोर्टात तुमच्याच विरुद्ध जातो. नुकताच माउथवॉश वापरला असेल तर तोंडात राहिलेल्या अल्कोहोलमुळे आकडा फुगतो. तसं लगेच सांगा आणि 15 मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्यायची विनंती करा. ब्रेथ ॲनालायझरच्या छापील पट्टीवर सही करण्याआधी आकडा, तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर वाचा. आकडा मान्य नसेल तर रक्ततपासणी मागा, आणि तशी नोंद करून घ्या.

अटक झालीच तर घड्याळ बघून ठेवा. दोन तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. गुन्हा जामीनपात्र आहे. गाडी न्यायला लायसन्स असलेला आणि न प्यायलेला माणूस बोलवा. मागच्या सीटवरचा मित्रही प्यायलेला असेल तर त्याचा उपयोग नाही.

लायसन्स जप्त करताना पोलीस पावती देतात. बरेच जण इथे फसतात. लायसन्स परत मिळेपर्यंत या पावतीवर गाडी चालवता येत नाही, मोबाइलमधली प्रतही चालत नाही.

कोर्टाची तारीख चुकवली तर वॉरंट निघू शकतं. पहिल्या गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर 2 वर्षांपर्यंत कैद, 15,000 दंड किंवा दोन्ही. दोषी ठरल्यावर कोर्ट किमान 6 महिने गाडी चालवायला अपात्र ठरवतं, म्हणून ‘कबूल करून टाका, लवकर सुटाल’ हा कोर्टाबाहेरचा सल्ला वकिलाशी बोलल्याशिवाय ऐकू नका. त्या बंदीत गाडी चालवलीत तर कलम 182 खाली 3 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 दंड किंवा दोन्ही. खटला लढवायचा असेल तर छापील पट्टी, वैद्यकीय अहवाल आणि यंत्राचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र यांच्या प्रती मागा.

अपघातात कोणी दगावलं तर प्रकरण फार वेगळं होतं. वांद्र्याच्या कार्टर रोडवर 2006 मध्ये सात जणांचा जीव गेला, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सदोष मनुष्यवधाचा दोष कायम ठेवला. आज हे कलम भारतीय न्याय संहितेत 105 आहे आणि ते अजामीनपात्र आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा दावाही अशा वेळी बहुधा नाकारला जातो.

आता वयाचं. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी 21 आणि व्हिस्की, रमसारख्या कडक दारूसाठी 25 पूर्ण लागतात, त्यामुळे बावीस वर्षांच्या मुलाने मतदान केलं असलं तरी त्याचा व्हिस्कीचा पेग बेकायदाच. अठराच्या आतल्या मुलाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मुलाच्या हातात गाडी असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 199अ लागतं: पालक किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि मुलाला पंचविशी गाठेपर्यंत शिकाऊ लायसन्सही नाही. ‘त्याने न विचारता चावी घेतली’ हे नुसतं सांगून भागत नाही, ते पालकांनाच सिद्ध करावं लागतं.