उधाणाची खूण आणि विहिरीची वही: गावाचा पुढचा विचार असा करा

आमच्या खालच्या वाडीतल्या विहिरीच्या पाण्यात तूरडाळ शिजेनाशी झाली, आजीने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि म्हणाली मचूळ लागतंय, तेव्हा आम्ही वही घातली, म्हणजे समुद्राची भरती आणि विहिरीचं पाणी दरवर्षी मोजून लिहून ठेवायला लागलो. तुमचं गाव किनाऱ्याला असेल तर तुम्हीपण घाला, खर्च फार नाही.

आधी समुद्र का चढतोय ते समजून घ्या. कोळसा आणि तेल जाळून हवेतला कार्बन डायऑक्साइड १९५८ मध्ये ३१५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ३१५ भाग) आसपास होता तो आता ४२० च्या वर गेलाय, त्याने समुद्र तापतो, तापलं की पाणी फुगतं, वर बर्फ वितळतोय ते वेगळंच. १९०१ ते २०१८ मध्ये जगातला समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला आणि अलीकडे वर्षाला साडेतीन मिलिमीटरच्या वरच चढतोय.

एवढंसं डोळ्याला दिसत नाही म्हणूनच खूण करायची. उधाणाच्या दिवशी, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेला, भरती दुपारी बाराच्या आसपास पूर्ण होते (बाकी दिवशी तिथीची पाऊणपट करा, अष्टमीला सहा, आपले खलाशी असंच मोजतात), त्या वेळी जेटीच्या खांबावर किंवा खाडीकडच्या गडग्यावर पाणी कुठवर आलं तिथे ऑइलपेंटने रेघ मारा आणि तारीख टाका. पावसाळ्यात लाटा असताना मात्र जवळ जाऊ नका, दुसऱ्या दिवशी ओलीची खूण बघितली तरी चालतं. एका वर्षात काही कळणार नाही, दहा वर्षं धरून चला.

विहिरीचं काम जास्त महत्त्वाचं, कारण तिथे आपला हात आहे. पुळणीतल्या विहिरीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, समुद्रसपाटीच्या वर जेवढं उभं त्याच्या साधारण ४० पट खाली, म्हणजे पंप लावून वरचं पाणी १ फूट उतरवलं की खालून खारं ४० फुटांपर्यंत वर येऊ शकतं!! नुसता समुद्राला दोष देऊन भागत नाही. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, काहीशे रुपयांना मिळतो. मे महिन्याच्या मध्यावर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, ग्लास त्याच पाण्याने विसळून रीडिंग घ्या, दोरीला दगड बांधून कठड्यापासून पाणी किती खाली आहे तेपण लिहा. पिण्याला ५०० पर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर २००० ही शेवटची हद्द. आकडा दरवर्षी चढत असेल तर त्या विहिरीवरचे पंपाचे तास कमी करा आणि नवरात्रानंतर वहाळावर सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून त्यांचे वनराई बंधारे घाला, जांभ्यात पाणी थांबत नाही, ते अडवावंच लागतं.

मग गावाचा नकाशा पसरा आणि म्हाताऱ्या माणसांना बसवून विचारा, निसर्ग वादळात ३ जून २०२० ला पाणी कुठवर आलं, तौक्त्यात २०२१ च्या मेमध्ये कुठवर, खाजणाचा (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचा) बांध कुठे फुटला, कांदळ (खारफुटी) कुठे तोडली आणि तिथे आता काय होतं. ती रेघ लाल पेनाने ओढा. नवी टाकी, अंगणवाडी, स्मशानशेड, काहीही त्या रेघेच्या खाली नको, आणि उरलेल्या कांदळीला हात नको.

हे सगळं २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वही समोर ठेवून मांडा, गावाच्या विकास आराखड्यात लेखी ठराव घ्या, नुसतं "बघू" वर उठू नका. ठरावाची नक्कल मागून घ्या आणि वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवा.