सेमिनारची मिनिटं पांढऱ्या सोन्यात घालवू नका

एम.एस्सी. ॲग्रीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या आणि नोटीस बोर्डावर आपल्या नावापुढे सेमिनारची तारीख पाहून ज्यांची भूक मेली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पीपीटी कशी बनवायची, अक्षर केवढं ठेवायचं, उभं कसं राहायचं, हे तुम्हाला माहीत आहे. नसलं तरी यूट्यूबवर ढिगानं आहे. मी मुख्यतः एकाच खड्ड्याबद्दल, म्हणजे प्रस्तावनेतच सगळा वेळ संपून जाण्याबद्दल, बोलणार आहे, कारण आमच्याकडची निम्मी पोरं त्यातच पडतात आणि पडलो हे त्यांना कळतही नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्हा तालुक्यातली. बारावीपर्यंत मराठी माध्यम, घरी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर. आजही माझं नाव पुकारलं की तळहाताला घाम सुटतो. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर वाटेल वक्तृत्व स्पर्धेतली कुणी ढाली मिळवलेली बाई उपदेश करते आहे.

तर खड्डा. कपाशीवरचा कुठलाही सेमिनार आठवा. पहिलं वाक्य ठरलेलं : कापसाला पांढरं सोनं म्हणतात. मग जगातलं कापसाचं क्षेत्र, भारतातलं, महाराष्ट्रातलं, विदर्भातलं. मग शास्त्रीय नाव, कुळ, मूळ कुठलं. मग ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’च्या स्लाइडा, एकेका स्लाइडवर पाच-पाच संशोधक ‘आणि इतर’. समोर बसलेल्या पोरांपैकी अर्ध्यांनी गेल्या दिवाळीत वावरात कापूस वेचलेला असतो, आणि आपण त्यांनाच सांगत असतो की कापूस हे नगदी पीक आहे. मग मटेरियल अँड मेथड्स. आणि मग बेल वाजते. दोन हंगाम उन्हातान्हात उभं राहून गोळा केलेली निरीक्षणं पडद्यावर येतात तेव्हा अध्यक्षस्थानी बसलेले सर म्हणतात, ‘कन्क्लूड करा, कन्क्लूड करा.’ लग्नाला जाऊन आहेर लिहून द्यायचा आणि पंगतीआधीच बस पकडायची, तसला प्रकार.

माझा विषय गुलाबी बोंडअळी होता, कामगंध सापळ्यांवर, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणाऱ्या सापळ्यांवर. माझंही असंच झालं. माझा तक्ता पडद्यावर जेमतेम दिसला आणि गेला.

हे का होतं, यावर मी नंतर बराच विचार केला. घाबरल्यामुळे होतं असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. प्रस्तावनेची माहिती आयती मिळते, कुठल्याही जुन्या प्रबंधातून उचलता येते, त्यामुळे स्लाइडा भराभर तयार होतात आणि काम झाल्यासारखं वाटतं. शिवाय प्रस्तावनेवर कुणी प्रश्न विचारत नाही. आपल्या स्वतःच्या आकड्यांवर विचारतात. म्हणून मन आपोआप सुरक्षित जागी रेंगाळतं, आणि आपण त्याला ‘विषयाची पार्श्वभूमी’ असं भारदस्त नाव देतो.

त्याहून मोठं कारण म्हणजे आपण प्रबंधाचाच क्रम उचलून आणतो. प्रबंधात आधी इंट्रोडक्शन, मग रिव्ह्यू, मग मेथड, मग रिझल्ट हे ठीक आहे, कारण वाचणारा पानं उलटून थेट शेवटाकडे जाऊ शकतो. ऐकणारा कुठे जाईल? त्याला तुम्ही ज्या वाटेनं न्याल त्याच वाटेनं यावं लागतं. दुपारी दोन वाजता, डबा खाल्ल्यावर, एप्रिलच्या यवतमाळी उन्हात.

आणि मनातल्या मनात केलेला सराव! कृपा करून हे करू नका. डोळे स्लाइडवरून झरझर फिरतात, वाटतं दहा मिनिटांत बसतंय. तोंडानं बोलायला लागलं की त्याच मजकुराला सव्वापट, दीडपट वेळ लागतो. मध्ये पाणी प्यायचं, रिमोट चालत नाही, सर मध्येच ‘मागची स्लाइड दाखवा’ म्हणतात. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि मोठ्यानं बोला. किती मिनिटं झाली यापेक्षा कितव्या मिनिटाला तुमचं स्वतःचं पहिलं निरीक्षण तोंडातून बाहेर पडलं, ते बघा. तिसऱ्या मिनिटाच्या पुढे गेलं असेल तर कात्री लावा. कापायला पांढऱ्या सोन्यापासूनच सुरुवात करा.

मग बोलायला सुरुवात कशी करायची? उलटी. माझ्याच विषयाचं सांगते. ‘हिरवं बोंड बाहेरून ठणठणीत दिसतं. अळी आत शिरते तेव्हा एवढीशी असते आणि तिचं भोक बुजून जातं. म्हणून बोंडाकडे नुसतं बघून फवारणी ठरवता येत नाही, सापळ्यातले पतंग मोजावे लागतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात दर रात्री आठ किंवा जास्त पतंग आले, की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, आता फवारणी हवी.’ झालं. एक मिनिट लागलं नाही, आणि मी काय शोधत होते हे समोरच्याला कळलं. यानंतर बीजी-2 ला, म्हणजे बोंडअळीला मारणारी दोन प्रथिनं असलेल्या बीटी कपाशीला, 2006 मध्ये मान्यता मिळाली, त्यातल्या दोन्ही प्रथिनांना अळीनं दाद देणं बंद केलं, 2017 च्या हंगामात या अळीपायी विदर्भानं काय भोगलं, हे दोन-तीन वाक्यांत सांगा. तीच तुमची प्रस्तावना. लोक आता ती ऐकतील, कारण ती कशासाठी आहे हे त्यांना माहीत आहे.

जमलं तर वस्तू घेऊन जा. मी पुढच्या वेळी प्लॉटमधून एक डोमकळी आणि दोन-तीन हिरवी बोंडं नेली होती. डोमकळी म्हणजे अळीनं आतून पाकळ्या धाग्यानं शिवून टाकलेलं फूल, ते उमलतच नाही. बोंड टेबलावर ठेवून ब्लेडनं कापलं. पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्यात सरकी पोखरून बसलेली गुलाबी अळी निघाली. मागच्या बाकावरचे दोघे उठून पुढे आले. त्या वेळात मला काहीच बोलावं लागलं नाही, आणि हाताचा थरकापही तेवढ्यात थांबला. ॲनिमेशनवर घालवायचा वेळ वावरात घालवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरं तर हे सगळं आपल्याला ‘रावे’त, म्हणजे बी.एस्सी.ला गावात राहून करायच्या कामात, शिकवलेलं असतं, फक्त शिकवणारे शेतकरी असतात म्हणून आपण ते मोजत नाही. कृषिकन्या म्हणून गावात गेलो तेव्हा पाराजवळ पहिलं प्रात्यक्षिक होतं. माझ्या मैत्रिणीनं कपाशीचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. एक काका तंबाखू मळत म्हणाले, ‘पोरी, थे सारं आमाले मालूम हाय. अळी कायनं मरते थे सांग.’ आणि उठायला लागले. निंबोळी अर्काचं प्रात्यक्षिक सुरू केल्यावर तेच काका थांबले. शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी म्हणजे पाच टक्के. मग माझ्या पंपाला किती, हे त्यांनीच विचारलं. सेमिनार हॉलमधले लोक उठून जाऊ शकत नाहीत, एवढाच काय तो फरक. मनानं ते केव्हाच पाराच्या पलीकडे गेलेले असतात.

आणि आपल्या मातीत बोलण्याची परंपरा नाही असं कुणी म्हणालं तर हसू येतं. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. शाळा नाही, पोथी नाही, वऱ्हाडीत बोलायचे, आणि कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे. आपण त्यांच्या नावाच्या विद्यापीठात जाऊन वक्तृत्वासाठी परदेशी व्हिडिओ बघतो.

आता शॉर्टकटबद्दल. सीनियरची पीपीटी घेऊन नाव बदलणं हा सर्वात जुना. त्यात प्लॉटची तारीख तशीच राहून गेलेली मी पाहिली आहे, परीक्षकांनी तीच पकडली. हल्ली एआयकडून स्लाइडा बनवून घेतात. बनवा, पण त्या स्लाइडवरची वाक्यं तुमच्या तोंडची नसतात, आणि ते दुसऱ्या मिनिटाला कळतं. व्यक्तिमत्त्व विकासाचे क्लास मला पटत नाहीत. पैसे भरून हातवारे शिकवतात. आरशासमोरचा सरावही मला फुकट वाटतो, आपण बोलण्याऐवजी केस बघत बसतो. ‘समोर सगळे दगड बसलेत असं समज’ हा सल्ला तर त्याहून वाईट. दगडांशी बोलायचं कशाला?

गाईडबद्दल जपून बोलते. बहुतेक सर चांगले असतात, पण त्यांच्याकडे वेळ नसतो, आणि स्लाइडचा क्रम प्रबंधासारखा असला की ते सही करून मोकळे होतात. माझी खरी गाईड होस्टेलमधली रूममेट, एम.ए. इतिहासवाली. ती जिथे ‘मंग काय झालं?’ म्हणायची ती जागा बरोबर. जिथे मोबाईल उचलायची तिथे माझी स्लाइड मेलेली. विषय न समजणारं असं एक माणूस धरा आणि त्याला जेवू घाला.

इंग्रजीचं काय, हा सगळ्यांचा प्रश्न. अभ्यासक्रम इंग्रजीत, त्यामुळे सुटका नाही. पण पूर्ण भाषण पाठ करू नका. पाठ केलेल्यातला एक शब्द निसटला की पुढचा सगळा डबा घसरतो. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक पक्कं पाठ करा, बाकी कागदावर फक्त आकडे आणि खुणेचे शब्द. घरी आधी आपल्या बोलीत कुणाला तरी सांगून बघा. बोलीत सांगता आलं नाही तर अडचण इंग्रजीची नाही, विषयच अजून उमगला नाही. उच्चार वऱ्हाडी आला तर येऊ द्या. कुणी हसलं तर हसू द्या, मार्क ते देत नाहीत. हे लिहिणं सोपं आहे, माहीत आहे मला. पहिल्यांदा हसले तेव्हा मी संध्याकाळी मेसला गेले नव्हते.

तक्ता जसाच्या तसा चिकटवू नका. सहा ट्रीटमेंट (प्रयोगातले वेगवेगळे उपाय, टी-1 ते टी-6), सात रकाने, खाली एस.ई. आणि सी.डी. ॲट फाइव्ह परसेंट हे संख्याशास्त्राचे आकडे. मागून फक्त मुंग्या दिसतात. एकच आलेख टाका आणि बोट ठेवून सांगा, टी-4 सगळ्यात वरचढ, टी-2 त्याच्याशी ॲट पार, म्हणजे जवळपास बरोबरीचा. बाकीचा तक्ता शेवटी, आभाराच्या स्लाइडच्या मागे ठेवा. प्रश्न आला की काढता येतो, आणि तेव्हा फार तयारीचं माणूस असल्यासारखं वाटतं.

फुटकळ गोष्टी. मराठी मजकूर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर हॉलच्या कॉम्प्युटरवर त्याचे किडेमकोडे होतात. युनिकोड वापरा आणि एक पीडीएफ सोबत ठेवा. हॉलच्या खिडकीला पडदा नसतो, पिवळी अक्षरं दिसत नाहीत. कूलर चालू असला तर तिसऱ्या रांगेपलीकडे काही ऐकू जात नाही. माईक मागा, लाजू नका. लाइट गेली तर? जाईलच. बोंड हातात असेल तर बोलत राहता येतं.

प्रश्नांना मात्र घाबरा, थोडं घाबरलेलं बरं. बाहेरून आलेले परीक्षक बहुतेक वेळा ‘का’ विचारतात : सापळे या उंचीवर का, हीच तारीख का, रिप्लिकेशन, म्हणजे प्रत्येक उपायाची पुनरावृत्ती, तीनच का. आपल्या कामातल्या प्रत्येक ‘किती’चा ‘का’ आदल्या रात्री लिहून काढा. जे येत नाही त्याला ‘सर, हे मी पाहिलेलं नाही’ म्हणा आणि थांबा. न थांबता बनवाबनवी केली की परीक्षक दुसरा प्रश्न विचारतात, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असतो. तुमचं झालं की मोबाईल काढून बसू नका. पुढचा पोरगा उभा राहील त्याला एक प्रश्न विचारा, शक्यतो त्याला येईल असा.