‘लुक मी’ नको, ‘लुक ॲट मी’ म्हणा : इंग्रजी ‘लुक’ वापरताना या चुका टाळा

वऱ्हाडात पाहण्याला तोटा नाही. चावी हरवली की आपण चावी पाहतो. म्हातारा दवाखान्यात असला की त्याले पाहाले कोणीतरी लागते. अर्ज घेऊन गेलं की साहेब ‘पाहतो’ म्हणतात, आणि पोरगी पाहाले निघाले की अख्खी गाडी भरते. एका क्रियापदावर एवढं सगळं भागतं. इंग्रजीत मात्र यातलं प्रत्येक पाहणं वेगळं. तो फरक ‘लुक’मध्ये नसतो, त्याच्या मागून येणाऱ्या इवल्याशा शब्दात असतो: ॲट, फॉर, आफ्टर, इनटू, अप. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, त्यामुळे ‘लुक’चा अर्थ पोट्ट्यांना पाठ असतो. तरी दहावीच्या वर्गातही ‘सर, लुक मी’ ऐकू येतंच.

‘ॲट’ गाळणं

याचं मूळ आपल्या ‘मले’मध्ये आहे. ‘मले सांग’ म्हणजे ‘टेल मी’, ‘मले दे’ म्हणजे ‘गिव्ह मी’. मग ‘मले पाह्य’चं ‘लुक मी’ का नाही? कारण ‘टेल’ आणि ‘गिव्ह’ सर्वनामाला थेट धरतात, ‘लुक’ धरत नाही. त्याला मध्ये ‘ॲट’ लागतो. यावर सोपा इलाज असा की मनातल्या मनात ‘मले पाह्य’ऐवजी ‘माह्याकडे पाह्य’ म्हणायचं. त्यातला ‘कडे’ म्हणजेच ‘ॲट’. आपला ‘कडे’ सर्वनामाच्या नंतर चिकटतो, इंग्रजीतला ‘ॲट’ सर्वनामाच्या आधी आणि सुटा उभा राहतो, एवढंच लक्षात ठेवा. ‘लिसन’ आणि ‘वेट’ यांचंही तसंच आहे: ‘लिसन टू मी’, ‘वेट फॉर मी’.

आता उलटी चूक. एकदा ‘ॲट’ शिकवला की पोरं तो सगळीकडे लावतात, अगदी ‘लुक ॲट हिअर’ असाही. ‘हिअर’ आणि ‘देअर’ यांच्याआधी तो येत नाही. नुसतं ‘लुक हिअर’. समोर साप दिसला आणि ओरडायचं असेल तर ‘लुक! अ स्नेक!’ पुरे.

प्रश्नात मात्र ‘ॲट’ हमखास गळतो. ‘व्हॉट आर यू लुकिंग?’ चूक, ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट?’ बरोबर. वाक्याच्या शेवटी असा शब्द लोंबकळत ठेवू नये असं काही जुने शिक्षक अजून सांगतात. त्याकडे खुशाल दुर्लक्ष करा. बोलीत आणि लेखनात, दोन्हीकडे हे चालतं.

‘तोकडे पाह्य’ असं कोणी म्हणतं का?

‘लुक ॲट ही’, ‘लुक आफ्टर दे’. अशा चुकांवर व्याकरणाचा तक्ता पाठ करायला लावण्यापेक्षा मराठीच कामी येते. ‘तो’ला ‘कडे’ जोडताना आपण ‘तोकडे’ म्हणत नाही, ‘त्याच्याकडे’ म्हणतो. ‘ती’चं ‘तिच्याकडे’ होतं. शब्दयोगी अव्यय आलं की सर्वनाम रूप बदलतं, हे दुसरीतल्या पोरालाही न शिकवता येतं. इंग्रजीत तेच घडतं: ही-हिम, शी-हर, वी-अस, दे-देम, आय-मी. यातला शेवटचा ‘मी’ आपल्या ‘मी’सारखाच ऐकू येतो, पण अर्थानं तो ‘मले’ आहे. म्हणून लहान मुलं ‘मी गो’ म्हणून मोकळी होतात.

दोन माणसं एकत्र आली की मोठेही घसरतात. ‘लुक ॲट माय ब्रदर अँड आय’ ऐकायला रुबाबदार, पण चूक. भावाला क्षणभर बाजूला काढा. ‘लुक ॲट आय’ कोणी म्हणेल का? मग तिथंही ‘मी’च.

चुकीचा जोडीदार

कपाशीच्या शेतात हा फरक चांगला कळतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भात केलेलं नुकसान कोणी विसरलेलं नाही. ही अळी लहान असतानाच बोंडात शिरते आणि तिनं पाडलेलं छिद्र नंतर बुजून जातं. त्यामुळे बाहेरून बोंड साजरं दिसतं. अशा बोंडाकडे नुसतं पाहिलं तर ते ‘लुक ॲट इट’. बोंड फोडून आत अळी शोधली तर ‘लुक फॉर इट’. इथला ‘इट’ म्हणजे अळी. हंगामभर पिकाची काळजी घेतली तर ‘लुक आफ्टर इट’.

‘फॉर’ आणि ‘आफ्टर’ यांची अदलाबदल सगळ्यात महागात पडते. आई आजारी होती म्हणून घेतलेल्या सुट्टीच्या अर्जात ‘आय वॉज लुकिंग फॉर माय मदर’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की आई हरवली होती. तिथं ‘लुकिंग आफ्टर’ हवं. तक्रारीच्या अर्जात ‘लुक इन द मॅटर’ नाही, ‘लुक इनटू द मॅटर’. एखाद्याला मान देणं म्हणजे ‘लुक अप टू हिम’, तुच्छ लेखणं म्हणजे ‘लुक डाऊन ऑन हिम’. असे दोन-दोन शब्द आले तरी सर्वनाम शेवटीच.

सर्वनाम मध्ये की शेवटी?

खरी मेख इथं आहे, आणि बहुतेक गाईडं ती एका ओळीत उरकतात. शब्दकोशात शब्द पाहायचा असेल तर ‘लुक अप द वर्ड’ आणि ‘लुक द वर्ड अप’ दोन्ही चालतात. पण ‘वर्ड’च्या जागी ‘इट’ आला की एकच वाट उरते: ‘लुक इट अप’. ‘लुक अप इट’ चूक. उलट ‘लुक इट ॲट’ किंवा ‘लुक हिम आफ्टर’ कधीच होत नाही.

याचं कारण असं की ‘ॲट’, ‘फॉर’, ‘आफ्टर’ हे इथं खरे शब्दयोगी आहेत, त्यांना पुढे नाम किंवा सर्वनाम लागतंच. ‘लुक अप’मधला ‘अप’ तसा नाही. तो क्रियापदाचाच सुटा झालेला भाग आहे, म्हणून तो सर्वनामाच्या पलीकडे जाऊन बसतो. ओळखायचं कसं? नाम घालून दोन्ही जागा तपासा. नाम मध्ये बसत असेल तर सर्वनाम मध्येच जाणार. कानानंही कळतं. ‘लुक इट अप’ म्हणताना जोर ‘अप’वर पडतो, ‘लुक ॲट इट’ म्हणताना ‘ॲट’ घाईत उरकला जातो.

‘ओव्हर’ दोन्हीकडे जातो, म्हणून तो नीट पाहा. सातबाऱ्यावर सही करण्याआधी तो नजरेखालून घालायचा तर ‘लुक इट ओव्हर’. शेजाऱ्याच्या कुंपणावरून पलीकडे पाहायचं तर ‘लुक ओव्हर इट’. शब्द तेच तीन, फक्त ‘इट’ सरकला, आणि कागदाचं कुंपण झालं. ‘टर्न ऑन’, ‘पिक अप’, ‘फिल इन’ यांनाही मधली जागाच लागते. मोटर चालू करायची तर ‘टर्न इट ऑन’, अर्ज भरायचा तर ‘फिल इट इन’. ‘टर्न ऑन इट’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं.

‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’

नोकरीच्या अर्जाखाली ही ओळ हमखास असते, आणि हमखास चुकीची. इथला ‘टू’ शब्दयोगी आहे, ‘टू गो’, ‘टू ईट’मधला नव्हे. त्याच्या पुढे सर्वनाम आलं तर ‘लुकिंग फॉरवर्ड टू इट’. क्रियापद आलं तर त्याला ‘-इंग’ लागतो: ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. शंका आली तर तिथं ‘इट’ ठेवून पाहा. ‘इट’ बसला की पुढच्या क्रियापदाला ‘-इंग’ लावायचा.